फणस, हुरडा, कलिंगड आणि जिलबी

अपेक्षा येणार असं कळल्यावर मल्लप्पा कलशेट्टींनी पहिलं काम केलं ते मूळव्याधीच्या पुड्या लपवण्याचं.

पुड्या सतरा उरल्या होत्या. बाजारात बसणाऱ्या एका वैदूनं एकवीस दिल्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर निळ्या शाईनं ‘मूळव्याध – सकाळी ताकातून’ असं ठळक लिहिलं होतं, जणू चुकून कुणी खोकल्यासाठी घेईल. कपाटात ठेवाव्यात तर तिथं वच्छलाबाईंचा हात दिवसातून दहा वेळा जायचा. देव्हाऱ्यामागं ठेवाव्यात तर तिथं थोरल्या बहिणीची, दानम्मा अक्काची, तासभर पूजा चालायची आणि अक्काला देव कमी आणि धूळ जास्त दिसायची. शेवटी ते जिना उतरून खाली कारखान्यात गेले. बारा माग एकदम खडखडत होते. कोपऱ्यात तयार टॉवेलांचा गठ्ठा होता, त्यातल्या मधल्या एका टॉवेलाच्या घडीत त्यांनी पुड्या सरकवल्या आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं वर येऊन चहा मागितला.

दोन महिने झाले, सकाळी रक्त पडत होतं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला, त्यातून निम्मं आयुष्य कारखान्याच्या लोखंडी खुर्चीवर काढलेल्या माणसाला, मूळव्याध व्हायचीच, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं. मुलीला, सृष्टीला, तर नाहीच. तिचं लग्न ठरत आलं होतं. आणि पुतणीला, अपेक्षाला, सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पुतणी त्याच विषयातली डॉक्टर होती.

अपेक्षा नेमकं काय करते हे मल्लप्पांना वीस वर्षांत कुणालाही नीट सांगता आलं नव्हतं. ‘पोटाची डॉक्टर’ म्हटलं की लोक लग्नाच्या मांडवातच शर्ट वर करून कुठं दुखतं ते दाखवायचे. ‘संशोधन करते’ म्हटलं की विचारायचे, मग दवाखाना कधी टाकणार? सोलापुरातच डॉक्टर झाली, पुढचं शिकायला मुंबईला गेली, आईलाही तिकडंच घेऊन गेली, आणि परत आली ती एक थर्मामीटर घेऊन. दोन वर्षं भवानी पेठेतल्या मागवाल्यांच्या घरोघरी जाऊन ती लोकांच्या चहात थर्मामीटर बुडवत होती. फार कढत चहानं अन्ननलिका भाजते आणि पुढं तिथं कॅन्सर धरू शकतो, हे तिला तपासायचं होतं. पेठेतल्या बायकांनी तिचं नाव ‘चहा मोजणारी डाक्टरीण’ पाडलं. पुढं ती मिसरी लावणाऱ्या बायकांच्या मागं लागली. अक्काची मिसरी सुटायला नऊ वर्षं लागली, आणि ती का सोडली हे अक्का आजही एकादशीच्या नावावर सांगते. त्यानंतर आली प्लास्टिकच्या झाकणाची डबी. शौचात न दिसणारं रक्त आहे का, हे तपासण्यासाठी अपेक्षानं चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांना तसल्या दोन हजार डब्या वाटल्या. त्यातली एक कुणीतरी लोणच्यासाठी वापरल्याची बातमी पेठेत महिनाभर पुरली.

यंदा ती काय घेऊन येते याची मल्लप्पांना धास्ती होती. ती आली शनिवारी, आणि तिच्या हातात गुंडाळलेले ड्रॉइंग पेपर आणि लाल पेन एवढंच होतं. मल्लप्पांचा जीव भांड्यात पडला.

रविवारी अक्कलकोटचे पाहुणे यायचे होते. बसप्पा हिप्परगी, डाळीचे व्यापारी, आणि त्यांचा मुलगा गुरुराज, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा. पोरगी पसंत होती, पोरगा पसंत होता, फक्त साखरपुड्याची तारीख धरायची होती. वेळ संध्याकाळी पाचची ठरली होती. म्हणून दुपारची जेवणं उरकल्याबरोबर अपेक्षानं बैठकीच्या भिंतीवर कागद जोडून चिकटवले आणि सृष्टीच्या हातात पेन दिलं.

“आपलं घराणं काढायचं,” ती म्हणाली. “पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आणि ज्यांना तो आजार झाला त्यांना लाल रंग. पुढं गेले तेव्हाचं वय.”

“लाल कशापायी?” अक्का भिंतीला टेकून बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची, पण घरातलं शेवटचं मत तिचंच. “आपल्यात कुणाला तसलं कायबी न्हाई झालं.”

“मग पणजोबा कशानं गेले, आत्या?”

“फणसानं.”

“आजोबा?”

“हुरड्यानं. जानेवारीत. रानातनं आले, दोन पसे हुरडा खाल्ला, पोट धरलं ते धरलं.”

“काशव्वा आजी?”

“कलिंगड. तेबी उन्हात कापून ठेवल्यालं.”

अपेक्षा खुर्चीवर टेकली. “आणि माझे वडील?”

“जिलबीनं,” अक्का म्हणाली, पण या वेळी जरा हळू. “शेजारच्या शिवपुत्राच्या लग्नातल्या. तुला म्हाईत हाय की.”

मल्लप्पांनी मान खाली घातली. या चार मृत्यूंवरच कलशेट्टींचं स्वयंपाकघर उभं होतं. त्यांनी जन्मात फणसाचा गरा चाखला नव्हता. थंडीत सगळं सोलापूर हुरडा खायला रानात जायचं तेव्हा हे घर उपास आहे म्हणून सांगायचं, इतकी वर्षं की लोकांना कलशेट्टी फार धार्मिक वाटत. कलिंगडाची गाडी दारावरनं गेली तरी अक्का खिडकी लावून घ्यायची. जिलबी मात्र त्यांना जिवापाड आवडायची, आणि थोरला भाऊ गुरुबसप्पा, अपेक्षाचा बाप आणि सगळ्या घराचा अण्णा, त्रेचाळिसाव्या वर्षी गेल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, त्यांनी ती तोंडात घातली नव्हती.

“काकू, तुमच्यावेळी काय होतं?” अपेक्षानं वच्छलाबाईंकडं मोर्चा वळवला.

“मी लग्न होऊन आले तेव्हा तीनच पदार्थ बंद होते,” वच्छलाबाई म्हणाल्या. “जिलबी माझ्यासमोर बंद झाली. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, आता अजून कुणी आमटीभात खाऊन गेलं तर आपण खायचं काय?”

सृष्टीला हसू आवरेना. अक्कानं डोळे वटारले. अपेक्षा मात्र हसली नाही. ती खुर्ची सोडून अक्काच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

“आत्या, आजोबा आजारी होते तेव्हा त्यांची धोतरं कोण धुवायचं?”

हा प्रश्न अक्काला अपेक्षित नव्हता. तिनं लेकीच्या वयाच्या भाचीकडं रोखून पाहिलं.

“मीच की. दुसरं कोण धुणार? आमचे मालक गेल्यावर मी माघारी हितंच आले हुते. आई तर धोतर बघूनच रडायची.”

“का रडायची?”

अक्कानं स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

“रगत असायचं,” अक्का म्हणाली. “आदी जरा जरा. मग लई. राखेनं चोळून चोळून माजी बोटं सोलायची. आई म्हणायची, दानम्मा, खाली वाळत घालू नगंस, माडीवर घाल, कुणाला दिसंल.”

“हे हुरड्याच्या किती आधीपासून?”

“वरीसभर.”

“वर्षभर आधी?”

“व्हय.” अक्का बोलता बोलता थांबली. स्वतःचंच वाक्य तिला पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं झालं. “म्हंजे हुरड्यानं न्हवं?”

“नाही, आत्या.”

“मग पन्नास वर्सं ह्या लेकरास्नी मी हुरडा खाऊ दिला न्हाई, ते?”

 मग अक्कानं पदर सावरला आणि, एकदा सांगायचंच म्हटल्यावर, सगळं सांगितलं. पणजोबांचं तिनं पाहिलं नव्हतं, पण तिची आजी सांगायची, शेवटी पोटात गोळा हाताला लागायचा. काशव्वा आत्याचं पोटाचं नव्हतंच. तिचं, अक्कानं आवाज उतरवला, बायकांचं होतं, पिशवीचं. ते ऐकून अपेक्षा गुडघ्यावर उठली.

“गर्भाशयाचं? नक्की?”

“मी धुतलंय, मला इचारतीस व्हय?”

“आत्या, हे मला चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर! फोनवर विचारलं तर कलिंगडच सांगत होतीस. आतड्याचा कॅन्सर आणि हा, दोन्ही एकाच दोषानं होतात.”

आणि मग तिनं सांगितलं. मागावर धागा तुटला की कारागीर गाठ मारतो, तसं शरीरातही कुणीतरी तुटलेलं सांधत असतं. काही घराण्यांत तो गाठ मारणाराच जन्मापासून सुट्टीवर असतो. मग आतड्यात बारीक बारीक गाठी धरतात आणि चाळिशी-पन्नाशीत त्यातली एखादी बिघडते. आईबापांपैकी एकाकडं हा दोष असला तर प्रत्येक लेकराकडं यायची शक्यता निम्मी.

“पण गाठ लहान असताना दुर्बिणीनं बघून काढून टाकली, की पुढचं काही होत नाही,” ती म्हणाली. “मी वीस वर्षं हेच करतेय. लोकांना झाल्यावर बरं करणारे पुष्कळ आहेत. मला ते होऊच द्यायचं नाही.” मग जरा थांबून, तापाचं औषध सांगावं तशा आवाजात म्हणाली, “माझं रक्त तपासलं. माझ्यात आहे. ते बाबांकडूनच आलेलं.”

वच्छलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. सृष्टी पेन धरून भिंतीशी उभी होती, तिनं वळून बापाकडं पाहिलं. बाप भिंतीकडं पाहत होता. राखेनं चोळलेली धोतरं. आधी जरा जरा.

“काका, मी तुम्हाला तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. दसऱ्यानंतर म्हणालात, मग दिवाळीनंतर, मग संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाल्यावर. तुम्हाला काही त्रास होतोय का?”

“मला?” मल्लप्पा म्हणाले. “छे! मला काय धाड भरलीय?”

सृष्टीनं चार खुणा लाल रंगवून पुऱ्या केल्या. पणजोबा शिवलिंगप्पा, ४८. आजोबा सिद्रामप्पा, ५२. काशव्वा, ५०. गुरुबसप्पा, ४३. शेवटच्या चौकोनाचा रंग वाळतोय तोच खाली मोटारीचा हॉर्न वाजला.

साडेतीनच वाजले होते.

“वाटेतलं देवदर्शन लवकर आटोपलं बघा!” बसप्पा हिप्परगी जिन्यातूनच ओरडत वर आले. पांढरी टोपी, पांढरी विजार, हातात पेढ्यांचा पुडा. मागून गुरुराज, वेळेआधी आल्याचा संकोच चेहऱ्यावर घेऊन. वच्छलाबाई स्वयंपाकघरात पळाल्या, अक्का जागच्या जागी ताठ झाली, अपेक्षा कागद काढायला उठली, पण बसप्पा तिच्याआधी भिंतीशी पोचले होते.

“वंशावळ!” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “वा मालक, वा! असं पाहिजे. आमच्यात आज्याच्या पलीकडं नाव इचारलं तर एकमेकांची तोंडं बघत बसतात.” ते वाचू लागले. “आणि हे लाल कशाचं हो?”

सगळे मल्लप्पांकडं पाहू लागले. मल्लप्पांनी आयुष्यात टॉवेलाच्या रंगाबद्दल गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. पण मुलीचं ठरत आलेलं लग्न समोर उभं होतं.

“ते,” ते म्हणाले, “पदवीधर.”

अपेक्षाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“पदवीधर! शिवलिंगप्पा… इंग्रजांच्या काळात?” बसप्पा कागदाच्या आणखी जवळ गेले. “आणि हे अठ्ठेचाळीस?”

“वय.”

“अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पदवी घेतली? काय चिकाटी म्हणायची! आणि हे सिद्रामप्पा बावन्नाव्या वर्षी?”

“कारखाना सांभाळून केलं त्यांनी,” मल्लप्पा म्हणाले. आता मागं फिरायची सोय राहिली नव्हती.

“आणि काशव्वा? बाई माणूस?”

“आमच्यात बायकास्नीबी शिकिवत्यात,” अक्का भिंतीला टेकून ठणकावून म्हणाली. तिला स्वतःला सही येत नव्हती.

बसप्पांनी सगळ्या घराण्यावरून एकदा नजर फिरवली आणि मल्लप्पांच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. “तुम्ही तेवढे न्हाई व्हय?”

“नाही,” मल्लप्पा म्हणाले. “मी राहिलो.”

“अजून वेळ गेली न्हाई,” बसप्पांनी धीर दिला. “तुमच्या घराण्यात उशिरानंच होतंय की.”

गुरुराज एव्हाना कागदासमोर उभा होता. चौकोन, गोल, तिरक्या रेघा. दरवर्षी तो बारावीच्या मुलांना अशाच आकृत्या फळ्यावर काढून द्यायचा. त्यानं लाल खुणांमधून एकदा वरून खाली बोट फिरवलं, आणि मग अगदी हळू सृष्टीकडं पाहिलं.  त्याला कळलंय हे तिला कळलं.

तेवढ्यात वच्छलाबाई पाण्याचा तांब्या आणि पाहुण्यांसाठी कोरा टॉवेल घेऊन आल्या. नवा टॉवेल हवा म्हणून त्या मागच्या जिन्यानं कारखान्यात जाऊन, गठ्ठ्यातला त्यातल्या त्यात मऊ बघून काढून आल्या होत्या. मल्लप्पांनी तो ओळखला तोवर बसप्पांनी हात ओले करून टॉवेल झटकून उलगडला होता.

सतरा पुड्या बैठकीभर पसरल्या.

एक बसप्पांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली, हात लांब करून धरली आणि मोठ्यानं वाचली. “मूळव्याध. सकाळी ताकातून.” आणि मग सौजन्यानं म्हणाले, “टॉवेलाबरोबर फुकट देता व्हय?”

अपेक्षानं खाली वाकून पुड्या गोळा केल्या. मोजल्या. मग पुतणी म्हणून नाही, डॉक्टर म्हणून काकांकडं पाहिलं.

“काका. किती दिवस?”

मल्लप्पांनी बायकोकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. छतावरच्या पंख्याकडंही पाहिलं.

“दोन महिने,” ते म्हणाले.

“अय्यो देवा!” अक्कानं कपाळाला हात लावला. “आनि मी ह्याची धोतरं बघत न्हाई, कारण हा पँट घालतोय!”

“पाहुणे,” सृष्टी मध्येच म्हणाली. तिनं पेन खाली ठेवलं. “पप्पा खोटं बोलले. लाल म्हणजे पदवीधर नाही. लाल म्हणजे कॅन्सर. आमच्या घरात तो पिढ्यान् पिढ्या येतो. माझ्यातही असेल किंवा नसेल, अजून तपासलं नाही. पण तुम्ही तारीख धरायला आलाय, म्हणून आधी सांगते.”

मल्लप्पांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. बसप्पा टॉवेल हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांचा चेहरा लाल होत होत जांभळा झाला.

“मालक,” ते शेवटी म्हणाले, “तुम्हाला काय म्हणू मी? मला घाम फुटलाय हो मघापासनं! चार-चार पदवीधर, बायकासुद्धा. आणि आमच्यात हे एक पोरगं सोडलं तर कुणी दहावीच्या वर गेलेलं न्हाई. मी तर दोनदा नापास. म्हटलं, आता हे आमचं शिक्षण इचारणार आणि सोयरीक मोडणार!”

कुणाला हसावं की रडावं ते कळेना. अक्का हसली. ती हसली म्हटल्यावर बाकीचे हसले. पण बसप्पा निघताना तारखेचं काही बोलले नाहीत. “घरात इचारतो,” एवढंच म्हणाले आणि टोपी सारखी करत जिना उतरले. गुरुराज जिन्यात मागं राहून अपेक्षाला दोन प्रश्न विचारत होता. रक्ताची तपासणी कुठं होते, आणि सृष्टीसारख्यांनी दुर्बिणीची तपासणी कितव्या वर्षापासून करायची. उत्तर त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मल्लप्पांना ते खिडकीतून दिसलं नाही. त्यांना फक्त मोटार वळलेली दिसली.

“मोडलं,” ते म्हणाले.

“बघू,” अपेक्षा म्हणाली. “बुधवारी सकाळी तुमची तपासणी. मंगळवारपासून जेवण बंद.”

मंगळवारचं वर्णन कलशेट्टींच्या घरात पुढं कित्येक दिवस चाललं. आतडं धुऊन निघायला चार लिटर पाणी प्यायचं होतं, त्यात पावडर कालवलेली, चव खारट लिंबासारखी. दर पंधरा मिनिटांनी एक पेला. अक्का घड्याळ घेऊन समोर बसली होती आणि एकेक पेला मोजत होती. “उचल. पी. अण्णासाठी कुणी घड्याळ धरलं न्हवतं,” असं ती एकदाच म्हणाली, आणि त्यानंतर मल्लप्पांनी कुरकुर केली नाही. संडासाचं दार दिवसभर त्यांच्या नावावर झालं. सृष्टीला शेजारच्या घरी जावं लागलं. आपण गुपचूप काढलेले दोन महिने एका दिवसात सगळ्या आळीला ठाऊक झाले, याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना हलकं वाटत होतं, आणि ते फक्त पोट रिकामं झाल्यामुळं नव्हतं.

बुधवारी दवाखान्याच्या बाकावर ते हिरवा झगा घालून बसले होते. झगा मागून बांधायचा होता आणि बंद एकच होता. तो हातानं धरून ते जिवाच्या आकांतानं भिंतीला पाठ लावून असतानाच समोरून पांढरी टोपी येताना दिसली.

“बसा, बसा, उठू नका,” बसप्पा म्हणाले. मल्लप्पा कुठल्याही परिस्थितीत उठणार नव्हते.

बसप्पा शेजारी बसले. गुरुराज सृष्टीबरोबर रक्त द्यायच्या खिडकीकडं गेला होता. दोघं एकाच रांगेत उभे होते. बसप्पांनी थोडा वेळ टोपी काढून गुडघ्यावर फिरवली.

“मालक, आमच्यात हार्टचं हाय,” ते म्हणाले. “माझा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी. दोन चुलते पन्नाशीच्या आत. तुम्ही इचारलं न्हाई, आम्ही सांगितलं न्हाई. आम्हीबी त्यांना येगळ्याच कारणानं मारलंय. बाप आमचा भूत बघून मेला, असं सांगतो आम्ही.”

मल्लप्पांनी झगा आणखी घट्ट धरला.

“घरात इचारलं. मंडळी म्हणाली, जी पोरगी भर बैठकीत असं खरं बोलली, तिला सोडून कुणाला आणायचं? आणि तिच्यात दोष निघाला तर?” बसप्पांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “गुरुराज म्हणतोय, दरवर्षी तपासायचं. आपण डाळीला किडे लागायच्या आधी ऊन दाखवतोच की. वैशाखात धरू तारीख.”

“हार्ट बरं,” अक्का पलीकडच्या बाकावरनं म्हणाली. “धोतरं धुवावी लागत न्हाईत.”

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं. मल्लप्पा उठले, आणि झग्याची मागची बाजू सावरायला बसप्पाच धावले.

तपासणी अपेक्षानं केली नाही. घरच्या माणसाची आपण करू नये म्हणाली, तिच्या मैत्रिणीनं केली. मल्लप्पा शुद्धीवर आले तेव्हा अपेक्षा खाटेच्या कडेला बसली होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. बसप्पा पायथ्याशी मोसंबी सोलत होते.

“तीन गाठी होत्या,” ती म्हणाली. “दोन बारीक. एक मोठी, तीच रक्त देत होती. तिन्ही काढल्या. मोठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी येईल, पण बघून तरी कॅन्सर वाटत नाही. अजून वर्ष-दोन वर्षं पुड्या खात बसला असतात तर मात्र झाला असता. आता दरवर्षी यायचं, काका.”

“येईन.”

“गड्ड्यानंतर?”

“तू म्हणशील तेव्हा.”

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. तोंड कोरडं पडलं होतं.

“अपेक्षा, अण्णाचं असं वेळेत बघितलं असतं तर?”

 तिनं त्यांच्या मनगटावरची पट्टी सरळ केली, ती सरळच होती.

“तर बाबा वाचले असते,” ती म्हणाली. “सत्तर वर्षांचे असते. तुमच्या आधी त्यांचा नंबर असता, आणि चार लिटर पाणी प्यायला त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त तमाशा केला असता.”

मल्लप्पांना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांचे डोळे भरून आले. पाणी कानामागून उशीवर ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतःचं आणि अण्णाचं, अशी दोन घरं सांभाळायची होती, तेव्हा रडायला सवड झाली नव्हती.

बसप्पा मोसंबी टाकून दाराकडं धावले. “सिस्टर! ओ सिस्टर! हितं या, मालकांना दुखायलंय!”

मल्लप्पांनी हात लांब करून त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

“दुखत न्हाई,” ते म्हणाले. “बसा हितंच.”